पाटलांच्या बैठकीतला खांब

तुळई भिंतीला पोचत नव्हती.

दहा गड्यांनी दोर लावून ती वर चढवली होती. एक टोक भिंतीच्या माथ्यावर बरोबर टेकलं. दुसरं टोक समोरच्या भिंतीच्या दोन हात अलीकडेच संपलं. गडी दोर धरून घामाघूम झालेले. खाली भगवंतराव पाटील उभे, त्यांचे मेहुणे नामदेवराव उभे, रहीम मिस्त्री उभा, आणि सगळे बघताहेत माझ्याकडे. मी नुकताच वाशीमहून बैलगाडीने येऊन उतरत होतो. अंगावरची धूळसुद्धा झटकली नव्हती.

"काय ओवरशेर," पाटील म्हणाले, "हेच काय तुमचं माप? शिकेल माणसाचं?"

तुळई म्हणजे छताचं मुख्य लाकूड. आमच्या वऱ्हाडातली घरं धाब्याची, म्हणजे वर सपाट मातीचं छत. आधी तुळई, तिच्यावर कड्या, कड्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही माती कोरडी असतानाच जड, ओली झाली की विचारूच नका. ते सगळं ओझं शेवटी तुळईवर येतं. म्हणून तिची दोन्ही टोकं भिंतींत चांगली शिरलेली पाहिजेत. इथे ती भिंतीला शिवतसुद्धा नव्हती.

मी टेप काढला. तुळई मोजली. नकाशात होती तेवढीच भरली. मग बैठकीची खोली मोजली. ती दोन हात जास्त!

"रहीमभाई, ही भिंत कोणी सरकवली?"

मिस्त्री आभाळाकडे पाहायला लागला. जणू काही पाऊस येतो की काय ते बघतोय. पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. बोलले ते नामदेवराव.

"भिंत काय चालत जाते काय? आखणी तुमचीच होती ना?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पण थोडं मागचं सांगतो, नाहीतर माझा संताप तुम्हाला कळायचा नाही.

मी सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. कचेऱ्या, पूल, डाकबंगले यांचे नकाशे काढण्यात उमर चालली होती. कचेरीतल्या फायलींना हवा लागावी म्हणून मी मोठमोठ्या खिडक्या काढत होतो, आणि आमच्या लोकांच्या घरांत भर दुपारी दिवा लावल्याशिवाय पिठाचा डबा सापडत नव्हता. बाया धुरात डोळे चोळत भाकरी थापतात. मला वाटलं, हे काम आपण का करू नये? राजीनामा दिला. वाशीमच्या बाजारात एका पानवाल्याच्या वरची माडी घेतली आणि पाटी लावली, 'घरांचे नकाशे काढून मिळतील.'

पहिला माणूस आला तो शेताची हद्द काढून मागायला. दुसरा आला, त्याला लढाई कुठवर आली ते नकाशात बघायचं होतं. तेव्हा दुसरी लढाई जोरात चालली होती. तिसऱ्याने मला समोर बसवून विचारलं, "घर मिस्त्री बांधते, मुहूर्त भट काढते. मंग तुमी काय करता?"

काय सांगणार कपाळ! सांगितलं तरी तो मान हलवत खाली गेला आणि पानवाल्याला म्हणाला, "माणूस चांगला हाय, पन रिकामा हाय."

अशात शिरपूरचे भगवंतराव पाटील आले. अकोल्याला कुणाचा तरी बंगला पाहून आले होते. लेकीचं, कमळाचं लग्न ठरलेलं. लग्न नव्या घरासमोरच्या मांडवात करायचं, वरपक्षाचा जानोसा बैठकीत उतरवायचा, असं त्यांनी मनात घेतलं होतं. माझ्या धंद्यातलं ते पहिलं खरं काम. बायकोने मला स्पष्टच सांगितलं होतं, "हे घर नीट उभं राहिलं तर राहू इथे. नाही तर पाटी उतरवा आणि साहेबाच्या हातापाया पडा." मला साहेबाच्या हातापाया पडायचं नव्हतं.

नकाशा पाटलांना आवडला. म्हणजे कागद आवडला. निळ्या रेघा बघून ते खूश झाले, उलटा धरून "वा वा" म्हणाले. कागदावरचं घर साध्या माणसाला दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून मी माझी पद्धत ठेवली होती. जागेवर खुंट्या ठोकायच्या, सुतळ्या ताणायच्या, आणि चुन्याची फक्की टाकून सगळं घर जमिनीवर खऱ्या मापाचं आखायचं. मग घरच्या सगळ्यांना त्यात फिरवायचं. ही तुमची बैठक, हे माजघर, ही चूल, ही न्हाणी. बायकांनाही बोलवायचं. पाटलीणबाईंनी, गंगाबाईंनी, चुलीपाशी उकिडवं बसून बघितलं, खिडकी कुठे येणार ते विचारलं आणि म्हणाल्या, "खिडकी थोडी खाली घ्या भाऊ, बसल्या बसल्या वारा लागला पाह्यजे." किती शहाणी सूचना! मी तिथल्या तिथे बदल केला.

पण या पद्धतीत एक खोट आहे, आणि ती आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असते. उघड्या आभाळाखाली आखलेली कुठलीही खोली लहानच दिसते. वर आभाळ, बाजूला माळ, त्यात चार पांढऱ्या रेघा. राजाचा दरबार आखला तरी तो कोंबड्यांच्या खुराड्याएवढा वाटेल. भिंती वर आल्या की तीच खोली मोठी होते. हे मी पाटलांना दोनदा सांगितलं. त्यांनी दोनदा मान डोलावून "हाव" म्हटलं.

मी वाशीमला गेलो. तुळई आधीच आणून ठेवलेली होती. लढाईमुळे सगळं सागवान सरकारकडे चाललेलं. लोखंडी गर्डरचं तर नावच काढायचं नाही. अकोल्याच्या वखारीत वणवण फिरून ती एक मोठी तुळई मी मिळवली आणि गाड्या जुंपून शिरपूरला नेली. खोलीचं माप त्या तुळईवरून धरलं होतं. हेही पाटलांना सांगितलं होतं. तेव्हाही "हाव" म्हटलं होतं.

माझी पाठ फिरली आणि जवळच्या मालेगावहून नामदेवराव आले. पाटलांचे सख्खे मेहुणे, कापसाचे व्यापारी, आणि अव्वल दर्जाचे उंटावरचे शहाणे. त्यांनी चुन्याच्या रेघांत उभं राहून एक फेरी मारली आणि म्हणाले, "दाजी, हे काय! याच्यात काय वऱ्हाडी उकिडवे बसवता?"

बस्स. झालं. पाटलांची इज्जत गेली. त्यांनी खुंट्या उपटल्या आणि भिंत दोन हात पलीकडे नेली. मिस्त्रीने खोदलं, पाया भरला, भिंती चढवल्या. कुणाच्या टाळक्यात आलं नाही की भिंत ओढली तर लाकूड काही ओढून लांब होत नाही!

हे सगळं मला त्या दिवशी रहीम मिस्त्रीने बाजूला घेऊन सांगितलं.

"मग तू बोलला का नाहीस?"

"साहेब, मालकाचा हुकूम. म्या नाही म्हनलं असतं तं दुसरा मिस्त्री आनला असता. माह्या घरी पन चूल हाय."

त्याच्यावर काय रागवायचं? मी पाटलांकडे वळलो.

"पाटीलसाहेब, उपाय दोनच. ही भिंत पाडून जागच्या जागी घ्या."

"बांधेल भिंत पाडू? लेकीच्या लग्नाच्या तोंडावर? अपशकुन करता काय?"

"मग बैठकीच्या मधोमध खांब द्या. एकीच्या ऐवजी दोन लहान तुळया त्याच्यावर टेकवू."

पाटील असे काही चमकले की जणू मी घरात म्हैस बांधायला सांगितली.

"बैठकीत खांब? गुराचा कोठा हाय काय तो? लोक हासतीन! म्हनतीन, पाटलाजवय तुळई घ्याची ऐपत नाही, टेकू देऊन बसला."

"नाव तर आमचं जाईन ना," नामदेवरावांनी जोडलं.

नाव यांचं जाईन! ज्याने खुंटी हलवली त्याचं नाव, आणि मी काय मग?

मग तिसरा उपाय नामदेवरावांनीच काढला. ओसरीसाठी आणलेल्या दोन लहान तुळया घ्यायच्या, त्यांची टोकं मधोमध एकमेकांत बसवायची, वरून लोखंडी पट्ट्या खिळ्यांनी मारायच्या. झाली लांब तुळई! लाकडाचं ज्ञान नसलेल्या माणसालाही हे समजावं. काठी दोन हातांत धरून वाकवली तर ती मोडते कुठे? मधोमध. तुळईला सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो. आणि यांना जोड द्यायचा होता नेमका तिथेच.

"जोडाखाली आधार नसेल तर हे छत बसेल," मी म्हणालो. "लग्नाच्या दिवशी गावातल्या बाया वरात पाहायला धाब्यावर चढतील. खाली तुमचे व्याही बसलेले असतील. विचार करा."

पाटलांनी मग थेट देवाचाच दाखला दिला.

"आमच्या शिरपूरचा देव पाह्यला ना? मूर्ती अधर हाय. खालून दोरा सरकवून दाखवतेत. एवढा दगडाचा देव अधर राह्यते, तं माह्यं छत काहून नाही राह्यनार?"

गडी कौतुकाने हसले. मी हात जोडले. "देवाच्या गोष्टीत मी पडत नाही, पाटील. पण तुमच्या छतात देव नाही, दोन तुळया आणि चार खिळे आहेत."

"तुमी शिकेल लोक भेकड राह्यता," नामदेवराव म्हणाले.

मी तिथून निघालो. रस्ताभर गाडीवान मला विचारत होता, "साहेब, कोनाशी बोलून राह्यले?" मी नामदेवरावांना जी उत्तरं द्यायची राहिली होती ती बैलांना देत होतो.

वाशीमला येऊन बघतो तर बातमी माझ्या आधी पोचलेली. पानवाला वरती हाक मारून म्हणाला, "काय साहेब, पाटलाचं माप चुकलं म्हनते तुमचं?" माझं माप! ज्याने आजवर एक रेघ वाकडी मारली नाही त्याचं माप चुकलं. दोन माणसं नकाशा काढायचा म्हणून बोलून गेली होती, ती आलीच नाहीत. बायकोने माझा जुना कचेरीचा कोट धुऊन दोरीवर वाळत घातला. तेच जास्त लागलं.

मला झोप यायची नाही ती नुसती माझ्या नावासाठी यायची नाही, असं म्हटलं तर खोटं होईल. नावासाठीही येत नव्हती. पण डोळे मिटले की दिसायची ती कमळा. आखणीच्या दिवशी आईच्या मागे उभी राहून तिने फक्त एकच गोष्ट विचारली होती, "धाब्यावर जायले जिना आहे ना? मैतरिणी येनार हायेत." जिना आहे, असं मीच सांगितलं होतं. मीच काढलेल्या जिन्याने त्या पोरी वर जाणार होत्या.

लग्नाला थोडेच दिवस उरले असताना मी परत शिरपूरला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. बघतो तर जोडतुळई बसलेली, कड्या टाकलेल्या, फळ्याही घातलेल्या. नुसती माती चढवायची राहिली होती. पाटील खाली बैठकीत लोडाला टेकून पान लावत बसले होते. शेजारी नामदेवराव. वर बघून पाटील म्हणाले, "या, ओवरशेर. पाहा. पडलं काय?"

"अजून ओझं कुठे आहे?" मी म्हणालो. "ओझं टाकून बघू. ज्वारीची पोती आहेत ना? वर चढवा. जोडाच्या बरोबर वर. मातीच्या आणि बायांच्या वजनाइतकं सुद्धा नको, त्याच्या अर्ध्याने होईल."

"चढवा," पाटील ऐटीत म्हणाले.

"पण तुम्ही इथून उठायचं नाही. तुमच्या व्याह्यांना जिथे बसवणार तिथेच बसायचं. मीही बसतो."

मी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलो. खरं सांगतो, मनातून मी फार घाबरलो होतो. पण राग भीतीपेक्षा मोठा होता. पाटलांचा चेहरा किंचित बदलला, पण गड्यांसमोर मागे कसं हटणार? ते बसून राहिले. नामदेवराव मात्र ताडकन उठले.

"म्या वर जातो. पोते बराबर ठेवतेत की नाही ते पाहायले पाह्यजे."

भेकड कोण ते मी मनात नोंदवून ठेवलं.

पोती चढू लागली. धप्. फळ्यांमधून भुसा गळला. धप्. पाटील पान लावत होते, पण चुना पानाला लागायच्या ऐवजी बोटालाच लागत होता. धप्. वरती कुठेतरी कर्र असा आवाज झाला. गंगाबाई माजघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "हे काय चाललं हाय?" त्यांनी विचारलं. आणखी एक पोतं पडलं.

टण्!

पट्टीचा एक खिळा सुटून पाटलांच्या पानाच्या तबकात पडला. पितळेचं तबक, आवाज केवढा! पाटील त्या खिळ्याकडे बघतच राहिले. मी वर पाहिलं. जोड उघडत होता. दोन तुळयांच्या मधून उजेडाची चीर दिसत होती.

"अवो, उठा तिथून!" गंगाबाई ओरडल्या. "उठा म्हनते ना! ओवरशेर भाऊ, तुमी बी उठा! ए, उतरवा रे ते पोते!"

आम्ही दोघंही उठलो. उठलो म्हणजे काय, पळालो. अंगणात येऊन पाटील धापा टाकत उभे राहिले. नामदेवराव जिन्याने इतक्या वेगाने उतरले की एक चप्पल वरच राहिली.

गंगाबाईंनी पदर खोचला. इतके दिवस त्या या भांडणात एक शब्द बोलल्या नव्हत्या. आता बोलल्या.

"माही लेक त्या धाब्यावर जानार. माह्या बहिनी जानार. खांब लागन."

"अवो, पन लोक..." पाटील.

"लोक काय म्हनतीन? मांडवाले खांब राह्यते, देवळाले खांब राह्यते, तं घराले काहून नाही? मांडवाची मेढ जशी पुजतो तसा तो बी पुजू. आंब्याचे डहाळे बांधू, हळद-कुकू वाहू. पाहू कोन हासते ते."

रहीम मिस्त्री जणू याचीच वाट बघत होता. त्यानेच आधी हालचाल केली. पाटलांच्या मळ्यात वाळलेल्या सागाचा एक जुना बुंधा पडलेला होता, तो त्याने आणवला. खाली दगडी तळखडा बसवला, वर रुंद आडव्या लाकडाचा हात दिला, म्हणजे जोडाची दोन्ही टोकं त्यावर नीट टेकावीत. पोती पुन्हा चढवली. आधीच्या दुप्पट. कर्र नाही की भुसा नाही. यावेळी खाली गंगाबाई स्वतः येऊन बसल्या आणि वर बघत म्हणाल्या, "आता होऊ द्या लग्न."

लग्न थाटात झालं. वरात दारात आली तेव्हा अर्धं शिरपूर त्या धाब्यावर होतं. बाया, पोरी, कडेवरची लेकरं, आणि जागा पुरेना म्हणून कठड्यावर बसलेले दोघं-तिघं. कमळाच्या मैत्रिणी वरून अक्षता उधळत होत्या. मी बैठकीच्या कोपऱ्यात उभा राहून छताकडे बघत होतो. लोक माझ्याकडे बघत होते की हा माणूस नवरदेव सोडून लाकडं काय बघतोय. खांब आंब्याच्या डहाळ्यांनी झाकलेला, हळदीने पिवळा. केसभर हलला नाही.

जेवणावळीत व्याही पाटलांना म्हणाले, "पाटील, बैठकीत खांब? असा कुठे पाह्यला नाही."

मी दोन हातांवर होतो. हातात बुंदीचं पान. मी कान टवकारले. आता तरी हा माणूस म्हणेल, ओव्हरसियरनं सुचवला, म्हणून तुम्ही आम्ही जेवतो आहोत.

"आमच्या घरान्याची रीत हाय ते," पाटील छाती पुढे काढून म्हणाले. "आमच्या आबाच्या आबापासून. बैठकीत खांब पाह्यजेच. त्याच्याबिगर आमी घर बांधत नाही."

आणि वर माझ्याकडे वळून, "काय ओवरशेर?"

माझ्या तोंडातली बुंदी घशात अडकली. वाटलं, उभं राहून ओरडावं. तबकातला खिळा दाखवावा. तो माझ्या खिशातच होता. तेवढ्यात गंगाबाई बुंदीचं ताट घेऊन पुढ्यात आल्या. वाढता वाढता हळूच म्हणाल्या, "बोलू द्या भाऊ त्याइले. खांब तं उभा हाय ना."

मी बुंदी गिळली. त्या बाईसाठी गिळली, पाटलांसाठी नाही.

माझ्या धंद्याला वर्ष झालं त्या आठवड्यात माडीच्या जिन्यावर पावलं वाजली. नामदेवराव! हसतमुखाने. जणू आम्ही जन्माचे सोयरे.

"मालेगावले घर बांधतो म्हनतो. नकाशा तुमीच काढा. पन बैठकीत मधात खांब पाह्यजे. दाजीसारखा."

मी जागेचं माप पाहिलं. अरुंद खोली. साधी तुळई दोन्ही भिंतींत आरामात शिरली असती. "नामदेवराव, इथे खांब लागत नाही. उलट येता-जाता पायात येईल."

"येऊ द्या ना. लागत नाही म्हंजे काय? रीत हाय! मालेगावात अजून दोघं जन लावून राह्यले. त्याइच्या आंधी माहा उभा राह्यला पाह्यजे."

वर्षभरात जिथे खांब खरोखर लागत होता तिथे तो उभा करायला मला जिवावर उदार होऊन पाटलांच्या शेजारी बसावं लागलं. आणि जिथे काही कामाचा नाही तिथे लोक रांग लावून मागताहेत. मी नकाशा काढून दिला. खांब मधोमध काढला. खाली स्पष्ट अक्षरांत लिहिलं, 'या खांबावर काहीही टेकलेले नाही,' आणि नामदेवरावांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"बराबर," ते म्हणाले आणि ऐटीत सही केली.

मग जाता जाता दारात थांबले. "अन् हो ओवरशेर, बैठक जरा लहानच वाटते. दोन हात वाढवता येईन काय?"